हुशार मांजरं आणि त्यांच्या उचापती

मांजर विकणाऱ्यांच्या जाहिरातींत दोन विशेषणं हमखास सापडतात. पर्शियन असेल तर ‘शांत’, आणि ऍबिसिनियन, बेंगाल, सयामी, बर्मीज, ओरिएंटल किंवा डेव्हन रेक्स असेल तर ‘हुशार’. हाक मारली की येतं, फेकलेला चेंडू परत आणून देतं, टाळी देतं, दाराची कडी उघडतं, अशी यादीही सोबत असते. गिऱ्हाईक भुलतं. मग थोड्या महिन्यांनी तेच गिऱ्हाईक विचारत फिरतं, की पहाटे तीन वाजता फडताळावरून एकेक भांडं खाली लोटणाऱ्या या प्राण्याचं करायचं काय. चेंडू आणणं आणि भांडी लोटणं या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून येतात, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मांजरांच्या जातींना बुद्धीप्रमाणे क्रमांक देता येतील अशी विश्वासार्ह कसोटी उपलब्ध नाही. मासिकांत छापल्या जाणाऱ्या ‘सर्वांत हुशार दहा जाती’ या याद्या पाळणाऱ्यांच्या अनुभवांवर आणि थोड्या हौसेवर बेतलेल्या असतात. त्या जातींमध्ये काहीतरी वेगळं असतं हे मात्र खरं. ते वेगळेपण म्हणजे धिटाई, चळवळेपणा आणि माणसाची ओढ. या तिन्हींची बेरीज झाली की बघणाऱ्याला ती बुद्धी वाटते, आणि शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ती बुद्धीपेक्षाही उपयोगाची असते.

मांजराच्या अकलेचा शास्त्रीय हिशेब सुरू झाला तोच मुळी अविश्वासातून. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने 1898 मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्याने लाकडी पट्ट्यांच्या पेट्या केल्या, भुकेलं मांजर आत ठेवलं आणि मासा बाहेर. आतली दोरी ओढली किंवा पट्टी दाबली की दार उघडे. मांजर धडपडायचं, ओरबाडायचं, चावायचं आणि कधीतरी चुकून दोरी ओढली जायची. तेच मांजर पुन्हा पुन्हा आत ठेवलं की सुटायला लागणारा वेळ हळूहळू कमी व्हायचा. एकदम ‘अरेच्चा, असं आहे होय’ असा क्षण त्याला कुठे दिसला नाही. त्यामुळे मांजर विचार करत नाही, यश देणारी हालचाल तेवढी पक्की होत जाते, असं त्याने मांडलं. पुढच्या सगळ्या प्राणिशिक्षणाचा पाया या निरीक्षणावर उभा आहे. शिवाय पाळीव प्राण्यांच्या कौतुककथा म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्याने तेव्हाच बजावलं. ती ताकीद आज मांजरांचे व्हिडिओ पाहताना जास्तच लागू पडते.

यापुढची गोष्ट थॉर्नडाइकपेक्षाही मजेची आहे. एडविन गथ्री आणि जॉर्ज हॉर्टन या दोघांनी 1946 मध्ये तसाच प्रयोग केला. त्यांच्या पेटीला पुढून काच होती आणि आत एक उभा दांडा. दांडा हलला की दार उघडायचं. मांजरं दर वेळी त्याच ठरावीक ढंगाने दांड्याला अंग घासून बाहेर पडायची, म्हणून यशस्वी हालचाल जशीच्या तशी ठसते असा निष्कर्ष निघाला. तो तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला. 1979 मध्ये ब्रूस मूर आणि सुसान स्टटर्ड यांनी एक साधा प्रश्न विचारला: हे सगळं चालू असताना संशोधक कुठे होते? ते समोरच बसलेले होते. मांजराला माणूस दिसला की ते जवळच्या वस्तूला अंग घासतं. पायाशी पोचता येत नसेल तर खुर्चीला, खुर्ची नसेल तर दांड्याला. मूर आणि स्टटर्ड यांनी ना खाऊ ठेवला ना दार उघडलं, तरी माणूस दिसताच मांजरं दांड्याला घासत राहिली. माणूस नसला की घासणं थांबे. म्हणजे ज्याला शिकणं समजलं गेलं तो नमस्कार होता.

जातिवंत मांजरांच्या चर्चेत हा किस्सा मला फार महत्त्वाचा वाटतो. मांजर कोड्याशी किती झुंजतं हे मोजताना ते माणसाशी काय करतंय हे नजरेतून सुटतं. आणि हुशार म्हणून नावाजलेल्या जातींमध्ये नेमका माणसाशी असलेला हा व्यवहारच ठळक असतो.

त्याला फिनलंडमधून आधार मिळाला आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या गटाने 5,726 मांजरांच्या वागणुकीची माहिती पाळणाऱ्यांकडून प्रश्नावलीने गोळा केली आणि तिच्यावरून 2019 मध्ये जातीजातींची तुलना प्रसिद्ध केली. माणसाशी संपर्क कमी ठेवण्यात ब्रिटिश शॉर्टहेअर सर्वांत पुढे निघालं, तर कोरात आणि डेव्हन रेक्स सर्वांत मागे. वागणुकीतल्या फरकांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असावा, असा त्यांचा अंदाज. त्याच गटाच्या 2021 च्या कामात बेंगाल सर्वांत चळवळं आणि ऍबिसिनियन सर्वांत कमी भित्रं ठरलं. रशियन ब्लू भित्रेपणात वर, पर्शियन आणि एक्झॉटिक चळवळेपणात खाली. उत्तरं मालकांचीच असल्याने थोडी सावधपणेच वाचावीत. बेंगालसाठी भरपूर पैसे मोजलेला माणूस ‘माझं मांजर आळशी आहे’ असं सहजी लिहीत नाही. तरीही यादीचा एकूण रोख मांजरं पाळणाऱ्यांच्या अनुभवाशी जुळतो. मेंदूच्या बाबतीत सांगायचं तर मांजराच्या मेंदूच्या बाह्यकात साधारण 25 कोटी चेतापेशी असतात आणि कुत्र्याच्या त्याच्या दुपटीच्या आसपास, असं 2017 मध्ये मोजलं गेलं. त्यावरून कोण हुशार याचा निवाडा करायला मी तरी धजणार नाही.

या जातींचा इतिहास युरोप-अमेरिकेतल्या प्रदर्शनांत घडला, पण त्याचे दोन धागे भारतापर्यंत येतात. पहिला ऍबिसिनियनचा. 1867-68 मध्ये इंग्रजांनी ऍबिसिनियावर म्हणजे आजच्या इथिओपियावर स्वारी केली. फौज बॉम्बे आर्मीचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली हिंदुस्थानातून निघाली, आणि तोफा वाहून न्यायला इथले हत्तीही नेले होते. फौज जिथे उतरली तिथलं एक नाव झुला. युद्ध संपल्यावर इंग्लंडला आणलेल्या एका मांजरीचं नाव झुलाच होतं, आणि गॉर्डन स्टेबल्स यांच्या 1874 च्या पुस्तकात तिचं चित्र आहे. त्यावरून जातीला नाव मिळालं. मात्र हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात 1830 च्या दशकातलं, पेंढा भरलेलं, अगदी तशाच केसांचं एक मांजर आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर मूळ ठिकाण ‘इंडिया’ लिहिलेलं आहे. आनुवंशिक अभ्यासही या जातीचं मूळ इथिओपियात नव्हे तर हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडे आणि आग्नेय आशियाकडे दाखवतात. एकेका केसावर दोन-तीन गडद पट्टे असलेली, सशासारखी दिसणारी मांजरं आपल्या गल्ल्यांतही अधूनमधून दिसतात, त्यामुळे मला यात आश्चर्य वाटत नाही. सिनॅमन नावाच्या ऍबिसिनियन मांजरीचा जनुकीय आराखडा 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मांजरांमध्ये तो पहिलाच.

दुसरा धागा बेंगालचा. कॅलिफोर्नियातल्या जीन मिल यांनी 1963 च्या सुमारास आशियाई लेपर्ड कॅट या रानमांजराचा घरगुती मांजराशी संकर केला. पुढे मांजरांच्या ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्या विलर्ड सेंटरवॉल यांच्याकडून त्यांना तसेच आणखी संकर मिळाले. या कामाला घरगुती रक्त हवं होतं. ते त्यांना 1982 मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात सापडलं. गेंड्याच्या आवारात राहणारं, ठिपकेदार, चमकदार केसांचं एक बेवारस मांजर त्यांनी उचलून अमेरिकेत नेलं आणि ‘टोरी ऑफ दिल्ली’ या नावाने ते बेंगालच्या वंशावळीत गेलं. म्हणजे लाखाच्या आसपासच्या भावात दिल्ली-मुंबईत विकल्या जाणाऱ्या या जातीच्या पणजोबांपैकी एक जण दिल्लीचाच भटका होता. 2024 च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात आजच्या बेंगालमध्ये लेपर्ड कॅटचा अंश सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. ‘घरात बिबट्या’ ही जाहिरात त्यामुळे तेवढ्याच टक्क्यांची समजावी. खुद्द लेपर्ड कॅट पश्चिम घाटातही आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळायला मनाई आहे, हे इथेच सांगितलेलं बरं.

सयामीबद्दल थोडक्यात. बँकॉकमधल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने 1884 मध्ये एक जोडी इंग्लंडला बहिणीकडे आणली आणि तिथून पाश्चात्त्य सयामी वाढलं. डिस्नेच्या 1963 च्या ‘द इन्क्रेडिबल जर्नी’ या चित्रपटात सयामी मांजराने जे काम केलं त्यावरून ही जात शिकवता येते हे घराघरांत कळलं. ती बोलते किती, हे मात्र पडद्यावर नीट कळत नाही. सयामीचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जातो, आणि पातळ भिंतींच्या इमारतीत शेजारी ‘घरात कुणी आजारी आहे का’ म्हणून विचारायला येऊ शकतात.

आता शिकवण्याकडे वळू, कारण खरी गंमत इथेच आहे. थॉर्नडाइकचा नियम मानसशास्त्रज्ञ स्किनरने वाढवला. त्याचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी तो प्रयोगशाळेबाहेर आणून कोंबड्यांपासून डॉल्फिनपर्यंत सगळ्यांना लावला. कॅरन प्रायर यांनी हवाईतल्या डॉल्फिनांकडून मिळालेली हीच पद्धत पुढे कुत्र्या-मांजरांच्या घरात पोचवली. बक्षिसाचा क्षण नेमका कुठला, हे प्राण्याला कळावं यासाठी एक ठरावीक आवाज वापरायचा. तो ‘कट्’ आवाज करणारं छोटं यंत्र म्हणजे क्लिकर. बटणाचं बॉलपेनही चालतं. आधी फक्त आवाज आणि लगेच खाऊ, असं काही वेळा करायचं. मांजर आवाज ऐकताच हाताकडे बघू लागलं की अर्थ पोचला. मग काडीचं टोक नाकाशी धरायचं. मांजर सवयीने हुंगतं, त्याच क्षणी ‘कट्’ आणि खाऊ. काडी जिकडे जाईल तिकडे नाक, आणि नाक जाईल तिकडे मांजर. स्टुलावर चढणं, गिरकी घेणं, पिंजऱ्यात शिरणं, सगळं या एका युक्तीतून उभं राहतं.

हे फक्त महागड्या जातींना जमतं असं नाही. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी 2017 मध्ये निवाऱ्यातल्या 100 मांजरांना दोन आठवडे, दर वेळी पाच मिनिटं, असं शिकवलं. काडीला नाक लावणं 79 टक्के मांजरांना आलं, गिरकी 60 टक्क्यांना, टाळी 31 टक्क्यांना आणि खाली बसणं 27 टक्क्यांना. बसणं सर्वांत खाली, हे कुत्री शिकवणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. मांजराला ‘बस’ म्हणणं म्हणजे त्याला नको असताना थांबायला सांगणं. गिरकीत निदान काहीतरी घडत तरी असतं. धीट जातीचं मांजर या यादीत वर जातं ते नवी माणसं, नवी खोली आणि ‘कट्’ आवाज यांना बिचकत नाही म्हणून.

खाऊचा प्रश्न आपल्याकडे जरा वेगळा आहे. मांजराला गोडाची चव कळत नाही. गोड ओळखणाऱ्या ग्राहीचं एक जनुक मांजरांमध्ये निकामी झालेलं आहे, हे 2005 मध्ये कळलं. त्यामुळे पेढ्याचा तुकडा घातलात आणि तो मांजराने खाल्ला, तर त्याला आवडली ती त्यातली स्निग्धता. दुधाचंही तसंच, वाटीभर दूध पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही, सगळ्या गोष्टींतल्या मनीमाऊ ते कितीही आवडीने पीत असल्या तरी. उकडलेल्या चिकनचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे उत्तम. कोकणी घरात जवळा किंवा सुकट असतेच, तीही चालते, मात्र खारवलेली नको. दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या भागाच्या आत हे सगळं बसवावं. शाकाहारी घरांनी मांजर आणण्याआधीच हा विचार करावा, कारण मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन लागतंच.

बैठक एक-दोन मिनिटांची पुरे. कंटाळून निघून जाण्याआधी आपणच थांबायचं. ओरडणं आणि अंगावर पाण्याचा फवारा मारणं यांनी मांजर एकच गोष्ट शिकतं, की हा माणूस घरात असताना ओट्यावर चढायचं नाही. माणूस ऑफिसला गेला की ओटा मोकळाच असतो.

टाळी, गिरकी, उडी हे पाहुण्यांपुढे मिरवायला छान आहे. पण मला शिकवण्याचा खरा उपयोग नखं कापणं, औषधाची गोळी, दात घासणं आणि पिंजरा या चार ठिकाणी दिसतो. डॉक्टरांकडे जायच्या दिवशीच माळ्यावरून पिंजरा उतरवायचा आणि मग पलंगाखालून मांजर ओढायचं, ही आपली रीत. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात 2018 मध्ये काही मांजरांना पिंजऱ्यात स्वतःहून शिरायला आणि गाडीच्या प्रवासाला हळूहळू तयार केलं. प्रवासात ती न शिकवलेल्यांपेक्षा कमी घाबरली आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. पिंजरा वर्षभर बैठकीच्या खोलीत, उघडा, आत जुनं पांघरूण घालून ठेवला तर अर्धं काम बिनकष्टाचं होतं.

मांजरं काय समजतात याचे पुरावेही आता बरे जमले आहेत. जपानमधल्या अत्सुको साइतो यांनी 2019 मध्ये दाखवलं, की मांजरं आपलं नाव सारख्याच लांबीच्या इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. येतात की नाही, हा निराळा भाग. 2020 मध्ये एबिसू नावाच्या एका जपानी मांजरीने माणसाने केलेली हालचाल पाहून तशीच करून दाखवली. चेंडू आणून देण्याबद्दल ससेक्स विद्यापीठाच्या 2023 च्या पाहणीत 1,154 मांजरांची माहिती होती. त्यांतल्या 94 टक्क्यांहून जास्त मांजरांना ते कुणीच शिकवलं नव्हतं, आणि खेळ कधी सुरू करायचा, कधी संपवायचा हे मांजरच ठरवत होतं. त्यातल्या जातिवंतांमध्ये सयामी सर्वांत जास्त. पुढच्या वेळी मित्राने ‘मी शिकवलं’ म्हणून सांगितलं तर विनयाने ऐकून घ्यावं.

घरात अशा मांजराला लागतं ते मुख्यतः माणसाचं लक्ष आणि शिकारीची नक्कल. एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात मालकाने रोज पाच-दहा मिनिटं पिसाची काडी नाचवली तरी बाहेर फिरणाऱ्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत 25 टक्के घट झाली. बंद फ्लॅटमध्ये उंदीर-पाखरं नसतात, तिथे तीच ऊर्जा पडद्यांवर निघते. संध्याकाळी खेळ, लगेच जेवण आणि मग झोप या क्रमाने पहाटेची भांडी बरीचशी वाचतात. कोड्याच्या डब्यातून खाणं द्यावं असं हल्ली सगळे सांगतात. द्यावं जरूर, पण मांजरं त्यासाठी आसुसलेली असतात असं नाही. 2021 च्या एका छोट्या प्रयोगात फुकटचं ताट आणि कोड्याचा डबा दोन्ही समोर असताना मांजरांनी ताटच पसंत केलं. बाकी बहुतेक प्राणी थोडी मेहनत करून खायला तयार असतात, मांजर नसतं. मला यात मांजराचा कमीपणा दिसत नाही.

उंच इमारतींत खिडकीचा प्रश्न गंभीर आहे. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी बेंगालसारखं मांजर चावून, ओरबाडून फाडू शकतं. स्टीलची जाळी लावावी. आडव्या मुठीची दारं ही मांजरं लोंबकळून उघडतात, म्हणून स्वयंपाकघराला गोल मूठ किंवा वरची कडी बरी. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आणि ड्रॉवर उघडता येणाऱ्या मांजराच्या घरात औषधांचा डबा कुलपातच असावा. सयामी आणि बर्मीजमध्ये लोकर, मोजे चघळण्याची खोड दिसते. ती विणकाम करणाऱ्या आजींच्या घरी मुळीच देऊ नयेत.

विकत घ्यायचंच असेल तर वयाकडे बघा. फिनलंडच्या त्याच माहितीतून 2017 मध्ये दिसलं, की आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्लं मोठेपणी जास्त आक्रमक होतात. संशोधकांनी 14 आठवडे थांबण्याचा सल्ला दिला. आपल्याकडच्या 2018 च्या पेट शॉप नियमांनी आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे, पण बाजारात हातावर मावणारं पिल्लूच जास्त खपतं. माणसाची सवय लागण्याचा काळ दोन ते सात आठवड्यांचा, म्हणजे तो ब्रीडरकडेच संपतो. पिंजऱ्यांच्या रांगेत वाढलेलं ऍबिसिनियन तुमच्या घरी येऊन धीट होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय ऍबिसिनियनमध्ये दृष्टी जाण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, आणि लाल पेशी तुटून रक्तक्षय होणारा दुसरा, जो बेंगालमध्येही आहे. दोन्हींची जनुकीय चाचणी होते. आईबापांचा अहवाल मागावा, आणि ‘आमच्याकडे तसलं काही नसतं’ असं उत्तर आलं तर परत फिरावं.

मॉस्कोत विदूषक युरी कुक्लाचोव यांचं मांजरांचं थिएटर 1990 मध्ये सुरू झालं. मांजरांबरोबरच्या त्यांच्या कामाची सुरुवात झाली ती रस्त्यावर सापडलेल्या एका मांजरीपासून. म्हणजे शिकायला वंशावळ लागतेच असं नाही. मला कुणी सल्ला विचारला, की दिवसभर घरात कुणी नसतं, दोघंही नोकरीला जातो, शिकणारं मांजर हवंय, तर मी बेंगालचं नाव घेत नाही. निवाऱ्यातून वर्षा-दीड वर्षाची दोन मांजरं एकदम आणा, शक्यतो एकाच वेताची, असं सांगतो. वर्षाच्या मांजराचा स्वभाव दिसतो, तो वंशावळीवरून ताडावा लागत नाही. तिथे गेल्यावर पिंजऱ्यापुढे बसायचं आणि खिशातली काडी पुढे करायची. जे आधी येऊन हुंगेल ते घ्यायचं, आणि त्याच्यामागून जे येईल तेही.